चार फरशा कमी

१६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

माझं आयुष्य गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बदललं. वेळ नक्की सांगता येते, कारण हातात स्टॉपवॉच होतं आणि कागदावर वेळ लिहायची असते.

हसू नकोस, हसलीस की खोकतेस. पाच महिने पत्र नाही आणि आलं ते असलं काहीतरी घेऊन, म्हणून तू चिडणार हे ठाऊक आहे. पण खरं सांगू, लाज वाटत होती. कॉलेज सुटलेलं, बाबांशी बोलणं बंद, आणि तुला फोन केला की तिसऱ्या वाक्याला तुला धाप लागते. मग फोन ठेवू की थांबू तेच कळत नाही. तूच म्हणाली होतीस, फोन नको, लिही, कागदाला दम लागत नाही. तर हे घे.

तू पाठवलेल्या कात्रणावरची नोकरी लागली. कोविड होऊन वर्षं उलटली तरी ज्यांचा श्वास अजून जागेवर आलेला नाही, अशांवर एका औषधाची चाचणी चालू आहे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच, पण आत औषध नसलेली. कुणाला कुठली हे पेशंटला माहीत नाही, मला नाही, आमच्या डॉक्टरबाईंनाही नाही. शेवटी सगळे आकडे उघडले की कळणार.

माझं काम आकड्यांचंच. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांब व्हरांडा आहे. दोन्ही टोकांना नारंगी शंकू, रस्त्यात खणकाम असलं की ठेवतात तसले. मधे बरोबर पन्नास फरशा, एकेक साठ सेंटिमीटरची, म्हणजे तीस मीटर. टोकाच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली, शंकू तिच्यावरच ठेवायचा. पेशंटने सहा मिनिटं या शंकूपासून त्या शंकूपर्यंत चालायचं, जमेल तेवढं. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजतो, तिसाने गुणतो, वरच्या फरशा मिळवतो. झाल्यावर ‘दम किती लागला’ हे शून्य ते दहात विचारतो. त्यांनी सांगितलेला आकडा लिहायचा, आपल्याला काय वाटलं ते नाही.

आणि बोलायचं नाही. दर मिनिटाला ठरलेलं एकच वाक्य: “छान चाललंय. अजून इतकी मिनिटं आहेत.” बास. माणूस भिंत धरून उभा राहतो, ओठ पांढरे पडतात, आणि मी आपला कागद धरून बघत असतो. पहिल्या आठवड्यात मला कुणाच्या नजरेला नजर देता आली नाही.

मंगळवारी ती आली. पोहायला शिकवायची. आता शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही, म्हणाली, फुंकली की नुसती हवा निघते. तिसऱ्या मिनिटाला थांबली, माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्ही घरीसुद्धा असंच स्टेशनवरच्या घोषणेसारखं बोलता का?” मला उत्तर द्यायला बंदी. मी म्हटलं, “छान चाललंय. अजून तीन मिनिटं आहेत.” ती हसली, हसता हसता खोकली, आणि खोकत खोकत चालायला लागली. ते अकरा दहा.

बारा फेऱ्या. तीनशे साठ मीटर. दम: सात. जाताना म्हणाली, “येते हं, शंकूवाले.”

मला आता नाव आहे, आत्या.

तुझा
तडतड्या


२५ फेब्रुवारी

तडतड्या,

पत्र वाचलं. दोन बैठकांत लिहिते आहे, त्यामुळे मधेच सूर बदलला तर समजून घे.

एका बाईने तुला शंकूवाला म्हटलं आणि तुझं आयुष्य बदललं. मला गिऱ्हाइकं चाळीस वर्षं ‘ओ शिलाईवाल्या बाई’ म्हणतात, माझं काही बदललं नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिचं लग्न झालंय की नाही, कुणी आहे की नाही, काही विचारलंस? कसं विचारणार म्हणा, तुला एकच वाक्य दिलंय.

पण ते एक वाक्य दिलंय ते बरं केलंय. तुझ्या नाकाच्या शेंड्यावर राग आणि जिभेच्या शेंड्यावर प्रेम. मधे काही अडसर हवाच.

काम चांगलं आहे. माप घेणाऱ्याने मापच घ्यावं. माझ्याकडे बायका यायच्या, पोट आत ओढून उभ्या राहायच्या. म्हणायच्या, एक इंच कमीच लिहा, मी बारीक होणार आहे. सुरुवातीला भिडेखातर लिहायची. मग ब्लाउज अंगात शिरायचा नाही आणि रडायच्या त्याच. तेव्हापासून पोट बाहेर असेल तर बाहेरचं माप.

दादाला तुझ्या नोकरीचं सांगितलं. ‘हं’ म्हणाला. पण दोनदा म्हणाला. तू ज्या कारणाने कॉलेज सोडलंस ते मी त्याला पुन्हा एकदा ऐकवलं. ऐकून घेतलं, एवढं पुष्कळ.

मी बरी आहे. जिन्याला मधे एक खुर्ची ठेवली आहे.

तुझी आत्या


१२ मार्च

प्रिय आत्या,

काल ती आली होती. चार आठवड्यांनी यायचं असतं. लग्न झालेलं नाही, भाऊ-वहिनीकडे राहते. कसं कळलं ते विचारू नकोस. अर्जावर ‘तातडीच्या वेळी कुणाला कळवावं’ असा रकाना असतो. बघायला नको होता, बघितला.

अकरा फेऱ्या आणि चार फरशा. तीनशे बत्तीस. मागच्यापेक्षा अठ्ठावीस मीटर कमी. आकडा सांगायचा नसतो, पण ती स्वतःच फेऱ्या मोजते, पोहणारी माणसं मोजतातच म्हणे. शेवटच्या मिनिटाला फरशीवर बसली. मी वाक्य म्हटलं. म्हणजे मला म्हणावंच लागलं. ती खाली बसलेली, श्वास शिट्टीसारखा वाजतोय, आणि मी वरून म्हणतोय, छान चाललंय. आत्या, मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

नंतर पाणी पिताना म्हणाली, “पुढच्या वेळी येत नाही मी. चार आठवडे वाट बघायची आणि इथे येऊन हे ऐकायचं. घरी वहिनी म्हणते आळस आहे. निदान तिथे चालायला तरी लावत नाहीत.” मग म्हणाली, “तुम्ही असलात की जरा बरं वाटतं, एवढंच.”

वाचलंस? तुम्ही असलात की.

मी डॉक्टरबाईंकडे जाऊन भांडलो. म्हटलं, माणसाला दोन शब्द धीराचे बोलले तर औषधाचं काय वाकडं होणार आहे? त्या म्हणाल्या, “तुमच्या धीराने ती वीस मीटर जास्त चालली, तर ते वीस मीटर मी कुणाच्या नावावर लिहू? गोळीच्या की तुमच्या?” मी दार आपटून निघालो. नंतर माफी मागितली. हल्ली मागतो.

ती आली नाही तर, आत्या? अडीचशे माणसांतून एक नाव खोडलं जाईल, त्यांचं काय जाणार आहे.

तडतड्या


२० मार्च

तडतड्या,

चार ओळीच लिहिते, आठवडा बरा गेला नाही.

‘तुम्ही असलात की जरा बरं वाटतं’ हे माणूस दातांच्या डॉक्टरलाही म्हणतो. जास्त अर्थ काढू नकोस.

ती थकली आहे. थकलेल्याला सोडून जायचं असेल तर जाऊ द्यावं, तो तिचा हक्क. राहायचं असेल तर ती राहील. तू मधे पडू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तुला कुणी रडताना दिसलं की तू आधी धावतोस आणि मग कुठे जायचंय ते विचारतोस.

डॉक्टरबाई बरोबर बोलल्या.

आत्या


२७ एप्रिल

प्रिय आत्या,

उशीर झाला. पण बातमी अशी आहे की तू खुर्चीवरून उठशील.

ती आली. आठ तारखेला. मी फोन केला होता, तारखेची आठवण करायला आम्ही सगळ्यांनाच करतो. आली आणि चालली, आत्या. बारा फेऱ्या पूर्ण आणि वर निम्मी. तीनशे चौऱ्याहत्तर! तिचा स्वतःचा विश्वास बसेना. दोनदा विचारलं, नक्की मोजलंत ना? शेवटी त्या सेहेचाळिसाव्या फरशीवरून वळताना ती हसत होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले, एका हाताने भिंत धरलेली, तरी हसत होती. म्हणाली, “म्हणजे मला खरी गोळी आहे, शंकूवाले.” मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

आणि ती एकटीच नाही. एक आजोबा आहेत, रंगारी होते. एक बसचालक. एक जुळ्यांची आई. या तीन आठवड्यांत जवळपास सगळेच वीस-तीस मीटरने वाढलेत. असं वाटतंय की औषध लागू पडतंय. हे कुणाला सांगायचं नसतं, पण तू कुणाला सांगणार आहेस. तुला मुद्दाम कळवतोय, म्हणजे धीर धर. बाजारात आलं की पहिली डबी मी तुझ्या दारात आणून ठेवीन.

ती परत शिकवायला जाणार आहे. भाऊ म्हणाला, आकडेच सांगताहेत बरी आहेस, तर घरात बसून काय करणार.

का कोण जाणे, मला हल्ली नीट जेवण जात नाही. प्रेमात असं होतं म्हणतात.

तुझा तडतड्या


३ मे

तडतड्या,

फरशा पन्नास होत्या.

तुझं फेब्रुवारीचं पत्र समोर ठेवून लिहिते आहे. ‘बरोबर पन्नास, एकेक साठ सेंटिमीटरची.’ एप्रिलच्या पत्रात ती शेवटी वळते ती सेहेचाळिसाव्या फरशीवर. सेहेचाळीस साठे म्हणजे सत्तावीस मीटर साठ सेंटिमीटर. दर फेरीला दोन मीटर चाळीस कमी. बारा-तेरा फेऱ्यांना जवळजवळ तीस मीटर. तुझी सगळी माणसं साधारण तेवढीच वाढली आहेत.

लिहिताना चुकला असशील तर तसं कळव. मी माफी मागेन.

आत्या


९ मे

आत्या,

तू शिंपीण आहेस की पोलीस? माणूस आनंदाने चार शब्द लिहितो आणि तू टेप घेऊन बसतेस. लिहिताना चुकलं असेल. पन्नास काय, सेहेचाळीस काय, मी काही फरशीची जाहिरात करत नव्हतो. घरात एक माणूस होतं माझ्या बाजूचं, तेही गेलं.

आणि समजा, समजा हं, कुणी एखादा शंकू जरा अलीकडे ठेवला, तर कुणाचं काय लुटलं? कुणाची गोळी चोरली? एक माणूस सोडून जाणार होतं ते राहिलं. लोक हसत बाहेर जायला लागले. तुला काय माहीत त्या व्हरांड्यात उभं राहणं काय असतं. तू घरी बसून बेरजा करतेस.

मंगळवारी, सहा तारखेला, ती पुन्हा आली. तीनशे एक्क्याऐंशी. दम विचारला तर म्हणाली, चार. ओठ निळसर, बोलताना प्रत्येक शब्दाला थांबत होती. मी म्हटलं, नक्की चार? ती रागावली. म्हणाली, “मीटर वाढलेत ना? मग दम कमीच असणार. उगाच सात सांगायची सवय लागलीय मला.” मी चार लिहिलं. सांगतील तेच लिहायचं असतं.

तू यापुढे लिहिलं नाहीस तरी चालेल.


१४ मे

तडतड्या,

चोराच्या मनात चांदणं. चूक असती तर तू दोन ओळी लिहिल्या असत्यास. दोन पानं शिव्या आल्या, म्हणजे उत्तर मिळालं.

आता माझं ऐक. हे पत्र चार दिवस लिहिते आहे.

मला माहीत आहे त्या व्हरांड्यात उभं राहणं काय असतं. मी त्याच चाचणीत आहे. आमच्या इथल्या केंद्रात, दहा महिने झाले. तुला पाठवलेलं कात्रण मला कुठे मिळालं हे तू एकदाही विचारलं नाहीस. तिथल्याच भिंतीवरून सोडवून आणलं होतं. तुला सांगितलं नाही, कारण आकडे आपापसांत बोलायचे नाहीत असा नियम आहे. तू आकडे लिहीत गेलास आणि मी वाचत गेले, ‘लिहू नकोस’ म्हटलं नाही. तेवढी लबाडी माझीही.

माझे शेवटचे तीन आकडे सांगते. दोनशे अठ्ठ्याऐंशी, दोनशे एक्क्याण्णव, दोनशे पंच्याऐंशी. तुझं एप्रिलचं पत्र आलं तेव्हा वाटलं, तिकडे सगळी माणसं धावायला लागली आणि आपण आहोत तिथेच. म्हणजे आपल्याला नुसती गोळी. मग कशाला गिळायची? तीन दिवस घेतली नाही. डबीत तीन गोळ्या मागे राहिल्या. चौथ्या दिवशी लाज वाटली. टाकून देता आल्या असत्या, कुणाला कळलं नसतं. केंद्रावर जाऊन त्या तीन गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं की घेतल्या नाहीत. तिथली मुलगी तुझ्याच वयाची. मान वर करवेना. तिने लिहून घेतलं, म्हणाली, “बरं झालं सांगितलंत.” घरी आल्यावर माझी फरशीची बेरीज सुरू झाली.

तू प्रयोगशाळेतून बाहेर पडलास तो दिवस मला आठवतो. सगळा वर्ग उत्तर आधी ठरवून रीडिंग मागून जुळवत होता, सर म्हणाले तूही जुळव, आणि तू वही आपटून निघालास ते परत गेला नाहीस. दादा म्हणाला, पोरगं वाया गेलं. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. म्हटलं, तापट आहे, मूर्ख आहे, पण खोटा आकडा लिहिणार नाही.

मी आता दादाला काय तोंड दाखवू, असलं काही लिहीत नाही. माझं तोंड माझ्याकडे, तुझं तुझ्याकडे.

मला बरं व्हायचं आहे. जिना एका दमात चढायचा आहे. त्यासाठी अडीचशे माणसं रक्त देतात, गोळी गिळतात, फरशा मोजतात. त्या गोळीत काही नसेल तरी चालेल, तसं कळू दे. पण तुझ्या चार फरशांनी कळू नये.

ती मुलगी सात म्हणायची ती चार म्हणायला लागली. ते तू स्वतः लिहिलं आहेस. पुन्हा वाच.

आत्या


७ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीन दिवस खिशात होतं. वाचलं आणि काही केलं नाही. आधी हे लिहितो, कारण पुढचं वाचून तुला वाटायला नको की मी लगेच उठलो.

सात एप्रिलच्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी ती येणार म्हणून, मी पिवळी पट्टी नखांनी सोडवली आणि चार फरशा अलीकडे लावली. एका चालण्यापुरतीच. ती गेली की लगेच परत लावायची होती. पण ती जाते न जाते तोच रंगारी आजोबा आले, त्यांच्या मागून डॉक्टरबाई. मग दुपार. मग म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशी ध्यानात आलं की आजोबांचा कालचा आकडा सेहेचाळिसाचा आहे, पट्टी मागे नेली तर पुढच्या वेळी ते आपोआप खाली येणार. मग बसचालक आला. जितके दिवस गेले तितकी ती पट्टी जड होत गेली. सहा आठवडे. एकोणीस माणसं, सत्तावीस चालणी. मी रोज सकाळी शंकू त्या पट्टीवर नीट मधोमध ठेवायचो, जसं काही बरोबर आहे.

एकोणीस मेला तिचा फोन आला, चाचणी सोडते म्हणून. मी कारण विचारलं, फॉर्मवर लिहावं लागतं. मोठ्या माणसांचा वर्ग होता, नवशिक्यांचा. पोहून दाखवताना मध्यावर तिचा श्वास संपला. कडेला काठी असते ती टाकून तिला ओढून घेतलं. शिकायला आलेले लोक कठड्याला धरून बघत होते. मी म्हटलं, तुम्ही इतक्यात पाण्यात उतरायला नको होतं. ती म्हणाली, “का नको? तीनशे एक्क्याऐंशी मीटर चालते मी. औषध काम करतंय. मीच काम करत नाहीये.”

फोन ठेवला आणि सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो. बसा म्हणाल्या, बसलो नाही. सांगितलं. वाटलं होतं ओरडतील, मीही तयार होतो, ओरडणाऱ्या माणसासमोर मला उभं राहता येतं. त्या ओरडल्या नाहीत. कागद पुढे केला, म्हणाल्या, “तारीख, वेळ, किती फरशा. स्वतःच्या अक्षरात.” लिहिताना तारखा चुकल्या, दोनदा कागद बदलावा लागला. मग आम्ही दोघं व्हरांड्यात गेलो. त्यांनी टेप धरला, मी दुसरं टोक. जुन्या जागी पट्टीचा डिंक अजून फरशीला होता, धूळ बसून काळा झालेला.

मी म्हटलं, हिशेब करून दुरुस्त करता येईल ना? तिचा एप्रिलचा आकडा मी काढला होता. खरं तर ती तीनशे पंचेचाळीस मीटर चालली होती. मार्चपेक्षा तेरा जास्त. आत्या, ती खरंच वाढली होती. तेरा मीटर, तिचे स्वतःचे. बाई म्हणाल्या, “पट्टी कुठल्या दिवशी कुठे होती याला पुरावा काय? तुमचा शब्द. तुमच्या शब्दावर मी आकडा दुरुस्त करू?” सत्तावीसच्या सत्तावीस चालणी खोडली जाणार. सहा जणांचं ते शेवटचं चालणं होतं, त्यांना पुन्हा बोलावता येत नाही. त्यांचं वर्ष गेलं.

मी दाराशी आल्यावर म्हणाल्या, “मुलाखतीत तुम्ही सांगितलं होतंत, रीडिंग जुळवायला नकार देऊन कॉलेज सोडलं. बाकीच्यांकडे डिग्री होती. मी तुम्हाला त्या वाक्यावर घेतलं होतं.” मी माझ्याकडच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. या वेळी दार आपटलं नाही. आपटायला काही राहिलं नव्हतं.

सगळ्यांना कळवेपर्यंत मी कुणाशी बोलायचं नाही असं बजावलं होतं. ते पाळलं. पत्रं गेली. एका पेशंटचं मी पाहिलं, त्यात लिहिलं होतं, ‘मोजमापातील त्रुटीमुळे’. किती सोपं आहे बघ. त्रुटी. कुणाचं नाव नाही. तिला कधीच कळलं नसतं. दोन दिवस मी तो शब्द मनात घोळवला. मग वाटलं, मी पुन्हा शंकू पट्टीवर नीट मधोमध ठेवतोय.

काल गेलो. तलावाशेजारी एक लहानसं ऑफिस आहे, तिथे ती आता लॉकरच्या किल्ल्या देते. मला बघून हसली. ते हसणं मला लिहिता येत नाही.

म्हणाली, “पत्र आलं तुमच्याकडचं. दोन महिन्यांत पहिल्यांदा झोप लागली. म्हणजे मी नाटकं करत नव्हते. वहिनीला वाचून दाखवलं मोठ्यांदा.”

मी म्हटलं, “ती त्रुटी नव्हती. मी पट्टी सरकवली. तुम्ही सोडून जाऊ नये म्हणून.”

ती किल्ल्या लावत होती, लावत राहिली. मग विचारलं, “किती?”

“चार फरशा.”

“आणि मी सहा तारखेला चार सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, नक्की चार? तेव्हा माहीत होतं तुम्हाला.”

“हो.”

“आणि लिहिलंत.”

“हो.”

तिने हातातल्या उरलेल्या किल्ल्या एकेक करून लावल्या. श्वास मोजत असावी. सहा जणांचं वर्ष गेल्याचं सांगितलं, मग तेरा मीटरचं, मला वाटलं निदान ते तिचं तिला मिळेल. ती म्हणाली, “ते आता कुठे लिहिलंय?” मी म्हटलं, कुठेच नाही.

“चूक होती तोवर बरं होतं,” ती म्हणाली. “चूक कुणाचीही होते. आता तुम्ही म्हणता माझ्यासाठी केलंत. म्हणजे ती सहा माणसं, ज्यांचं वर्ष फुकट गेलं, तीही माझ्याच खांद्यावर? मी मागितलं होतं का तुमच्याकडे काही?”

मागितलं नव्हतं. आत्या, तू लिहिलं होतंस, मी वाचलं नाही. तिने कधीच काही मागितलं नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की का केलं, खरं का. फेब्रुवारीपासून तोंडात धरून ठेवलेलं. तोंड उघडलंसुद्धा. मग कळलं की ते सांगणं म्हणजे तिच्याकडून अजून काहीतरी घेणं आहे. मी तोंड मिटलं. फक्त म्हटलं, “माझं चुकलं.” इतकं लहान वाक्य, आणि तेवढ्यालाही मला दम लागला.

ती खोकायला लागली. तलावाकडचं दार मी येताना उघडंच ठेवलं होतं आणि क्लोरिनचा वास आत भरला होता. तिने हाताने खूण केली, बोलता येईना. मग बोलता आलं तेव्हा म्हणाली, “जा तुम्ही. आणि दार लावून घ्या, मला त्या वासाने त्रास होतो.”

दमट हवेने ते दार फुगलंय. मी बाहेर आलो, ओढलं, तर बोटभर फट राहिली. आतून खोकला ऐकू येत होता. मग मूठ धरून दार जरा वर उचललं, आणि पूर्ण लावलं.